विमानामागचे पांढरे पट्टे : तापमानवाढीत त्यांचा वाटा किती, आणि ते टाळता येतील का?

माणदेशी (प्रश्न)

हिवाळ्यात आमच्या भागावरून फार उंचीवरून जाणाऱ्या विमानांच्या मागे पांढरे पट्टे उमटतात. एखादा पट्टा विमानामागे बोटभर लांबीचा राहून लगेच विरतो, तर एखादा तासभर टिकून इतका पसरतो की तो विमानाचा आहे की मूळचाच ढग आहे, हे नंतर ओळखू येत नाही. हवाई वाहतुकीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा या पट्ट्यांमुळे होणारी तापमानवाढ अधिक असू शकते, असे अलीकडे माझ्या वाचनात आले. हे कितपत खरे आहे? तसे असेल, तर विमानाची वाट थोडी बदलून हे पट्टे टाळण्याचे प्रयत्न कोठे झाले आहेत का? आणखी एक शंका आहे. ही विमाने ढग पांगवतात आणि पाऊस पळवतात, असे गावात दुष्काळी वर्षी हमखास बोलले जाते. गावकऱ्यांना नेमके काय उत्तर द्यावे?

तंतुमेघ

पावसाचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटोपते. हे पट्टे दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात, तर आपल्याकडे पाऊस देणाऱ्या ढगांचा तळ एक-दोन किलोमीटरवर असतो. त्यामुळे या पट्ट्यांनी खालचा ढग पांगण्याचे काही कारण नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, तेव्हा विमाने ढगांच्या तळाशी जाऊन क्षारांच्या नळकांड्या जाळत होती. तो प्रकारच वेगळा, आणि त्यामागचा हेतूही पाऊस वाढवण्याचा होता.

आता मूळ प्रश्न. एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे सव्वा किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ही गरम, दमट हवा बाहेरच्या उणे ४० अंशांच्या आसपासच्या किंवा त्याहून थंड हवेत मिसळताना क्षणभर संपृक्त होते, म्हणजे मावेल तेवढ्या बाष्पाने पूर्ण भरते, काजळीच्या कणांवर पाण्याचे थेंब धरतात आणि लगेच गोठतात. कोणत्या तापमानाला हे घडेल याचा हिशेब जर्मनीत श्मिट यांनी १९४१ साली आणि अमेरिकेत ॲपलमन यांनी १९५३ साली मांडला आणि तो आजही वापरात आहे. पट्टा उमटणे आणि तो टिकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भोवतालची हवा कोरडी असेल तर स्फटिक काही सेकंदांत विरतात. तीच हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ धरण्यास पुरेसे होऊन उरेल इतके बाष्प तिच्यात असेल, तर स्फटिक वाढत जातात. इंजिन केवळ बी टाकते. पीक उभे राहते ते भोवतालच्या हवेतल्या बाष्पावर. अशा हवेचे थर आडवे शेकडो किलोमीटर पसरलेले असले, तरी त्यांची जाडी बहुधा काही शे मीटर इतकीच असते. एकाच सकाळी दोन विमानांचे पट्टे वेगळे वागतात ते यामुळेच. विमानांची उंची दाखवणारे एखादे ॲप उघडून पुढच्या वेळी ताडून पाहा.

असे पट्टे जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतात, आणि दिवसा सूर्यप्रकाश परतही पाठवतात. दिवसा दोन्ही परिणाम काही अंशी एकमेकांना छेद देतात. रात्री परत पाठवायला सूर्यप्रकाशच नसतो, म्हणून तेव्हा उरते ती निव्वळ तापमानवाढ. डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०१८ सालासाठी या पट्ट्यांचा आणि त्यांपासून बनलेल्या ढगांचा तापवणारा परिणाम, म्हणजे अडवून धरलेली अधिकची उष्णता, दर चौरस मीटरला सुमारे ५७ मिलिवॅट आहे, तर १९४० पासूनच्या उड्डाणांतून साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ३४. आपण वाचलेले विधान बहुधा येथून आले असावे. मात्र ५७ या आकड्याला त्याच लेखात १७ ते ९८ अशी अनिश्चितता जोडलेली आहे, आणि बातम्यांत नेमकी तीच गळते.

उड्डाणनियोजक

टाळण्याच्या प्रयत्नांबद्दल लिहितो. थर पातळ असल्यामुळे विमानाने लांबचा वळसा घेण्याची गरज नसते, दोन हजार फूट वर किंवा खाली जाणे अनेकदा पुरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी जपानच्या हवाई हद्दीतील उड्डाणांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पट्ट्यांमुळे होणाऱ्या तापमानवाढीपैकी ८० टक्के वाटा केवळ २.२ टक्के उड्डाणांचा होता, असे त्यात आढळले. निवडक १.७ टक्के उड्डाणांची उंची बदलली, तर हा परिणाम ५९ टक्क्यांनी घटेल आणि सर्व विमानांचे मिळून इंधन ०.०१४ टक्क्यानेच वाढेल, असे त्यांचे गणित सांगते. हे संगणकावरचे गणित आहे, याची नोंद घ्यावी.

प्रत्यक्ष आकाशातले दोन प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात. युरोपात मास्ट्रिख्ट येथील हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राने जर्मन अंतराळ संस्थेबरोबर २०२१ साली एक दिवसाआड असा प्रयोग केला. त्यात अंदाजानुसार नियंत्रक विमानांना वर किंवा खाली जाण्यास सांगत, आणि पट्टे खरोखर घटले का, हे उपग्रहाच्या चित्रांवरून तपासले जाई. दुसरा प्रयोग गूगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांचा, २०२३ सालचा. सुमारे ७० उड्डाणांत वैमानिकांनी अंदाज पाहून उंची बदलली आणि पट्टे ५४ टक्क्यांनी घटले. त्या विमानांना इंधन मात्र २ टक्के अधिक लागले.

अडचण गर्दीच्या आकाशात येते. २९ हजार ते ४१ हजार फुटांच्या उंचीत विमानांमध्ये एक हजार फुटांचे उभे अंतर ठेवावे लागते आणि विषम-सम पातळ्या दिशेनुसार वाटलेल्या असतात. म्हणजे त्याच दिशेने जाणारी पुढची पातळी दोन हजार फुटांवर असते, आणि ती बऱ्याचदा आधीच दुसऱ्या विमानाने घेतलेली असते. वैमानिकाने पातळी मागितली तरी नियंत्रक ती देऊ शकेलच असे नाही.

हिशेबनीस

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. अधिकचे इंधन जाळले की त्याचा कार्बन डायऑक्साइड निश्चितपणे हवेत जातो आणि त्यातला बराचसा शतकानुशतके राहतो. टळलेला पट्टा मात्र उमटलाच असता, टिकलाच असता आणि त्याने उष्णताच वाढवली असती, ही तिन्ही अनुमाने आहेत. १७ ते ९८ एवढी रुंद मर्यादा असलेल्या आकड्याच्या भरवशावर पक्का खर्च करण्याची घाई का?

तंतुमेघ

आक्षेप रास्त आहे, आणि या क्षेत्रातले वादही याच ठिकाणी अडलेले आहेत. माझ्या मते मूळ दुखणे हवामानशास्त्राचे असून विमानशास्त्राचे कमी आहे. दहा किलोमीटरवरचे तापमान आणि वारा यांचा अंदाज चांगला येतो. आर्द्रतेचा येत नाही. प्रवासी विमाने तापमान सतत मोजतात, पण बाष्प मोजणारी उपकरणे फारच थोड्या विमानांवर बसवलेली आहेत. युरोपातील संशोधकांनी काही निवडक प्रवासी विमानांवर ती बसवून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या, आणि त्यांच्याशी ताडून पाहता हवामानाची प्रारूपे अतिसंपृक्त थरांचे ठिकाण आणि वेळ पुष्कळदा चुकवतात, हेच दिसून आले.

तरीही काहीच करू नये, असे मला वाटत नाही. सरसकट सर्व विमाने वळवण्याचा प्रस्ताव कोणी गंभीरपणे मांडत नाही. दाट बाष्पाचा थर आहे, रात्रीची वेळ आहे आणि जवळची पातळी मोकळी आहे, अशा मोजक्या उड्डाणांपुरता प्रश्न मर्यादित ठेवला, तर अनुमान चुकण्याचा धोका बराच घटतो आणि खर्चही थोडाच राहतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांवर कार्बन डायऑक्साइडव्यतिरिक्तच्या परिणामांची नोंद ठेवण्याचे बंधन घातले आहे. त्यावर कर किंवा दंड अद्याप नाही, आणि हा क्रम मला योग्य वाटतो.

माणदेशी

उत्तरांबद्दल आभार. इंधन बदलून काही फरक पडतो का? आणि आपल्या आकाशात ही समस्या युरोपइतकीच आहे का?

उड्डाणनियोजक

इंधनाने फरक पडतो. साध्या विमान-इंधनातील ॲरोमॅटिक (कार्बन अणूंच्या कड्या असलेल्या) संयुगांपासून, विशेषतः नॅप्थॅलीनपासून, काजळी अधिक बनते. वनस्पतिजन्य तेले किंवा टाकाऊ चरबीपासून बनवलेल्या इंधनात ही संयुगे जवळजवळ नसतात. एअरबस ए३५० विमानाच्या दोन्ही इंजिनांत २०२१ साली असे शंभर टक्के इंधन भरून उड्डाण केले गेले आणि मागून जर्मन अंतराळ संस्थेच्या फाल्कन विमानाने त्याच्या धुरात शिरून मोजमाप घेतले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बर्फाचे स्फटिक साध्या इंधनापेक्षा ५६ टक्क्यांनी कमी भरले. आपल्याकडे पुण्याच्या प्राज कंपनीने तयार केलेले इंधन मिसळून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली प्रवासी उड्डाण झाले, परंतु मिश्रण एक टक्क्यापर्यंतच होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताचे उद्दिष्ट २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० मध्ये ५ टक्के आहे. एवढ्या मिश्रणाने काजळीत दिसण्याजोगा फरक पडणार नाही. मिळेल तेवढे इंधन सर्वांना वाटण्याऐवजी पट्टे टिकण्याची शक्यता असलेल्या उड्डाणांनाच द्यावे, ही सूचना मला पटते. पण विमानतळावर सर्व इंधन एकाच जमिनीखालच्या वाहिनीतून येत असताना ती अमलात आणणे कठीण आहे.

आपल्या आकाशाबद्दल असे, की उष्ण कटिबंधात उणे ४० अंशांची थंडी युरोपपेक्षा अधिक उंचीवर सापडते. म्हणून मुंबई-बंगळूर मार्गावर तीस-बत्तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या विमानामागे सहसा काहीच उमटत नाही. अडतीस-चाळीस हजार फुटांवरून युरोप आणि आग्नेय आशिया यांदरम्यान जाणाऱ्या विमानांची गोष्ट वेगळी आहे. ती पुष्कळदा रात्रीच भारतावरून जातात, आणि त्यांचे पट्टे खालून कोणाला दिसत नाहीत.