गेम कन्सोलची टीव्हीवरची जाहिरात आणि तुमच्या घरचे: अनुभव लिहा

मधली_सुट्टी

परवा लेकीने फोनवर निन्टेंडोच्या नव्या कन्सोलची, स्विच २ ची, जाहिरात दाखवली. हॉलीवूडचा नट पॉल रड, लांब कोट, गळ्यात मण्यांची माळ, विस्कटलेले केस. ती म्हणे, "बाबा, हा असा का दिसतोय?" म्हटलं, कारण १९९१ मध्ये हा अस्साच दिसत होता. आणि याच्यामुळे मला सुपर निन्टेंडो मिळाला नाही.

आम्ही १९९० ला अमेरिकेत एडिसनला आलो. मी दहा वर्षांचा. पुढच्या वर्षी शाळेत सगळे याच्या सुपर निन्टेंडोच्या जाहिरातीबद्दल बोलायचे. रात्र, ओसाड जागा, हा पोरगा एकटाच कोट घालून येतो, यंत्र जोडतो आणि समोर थेटरसारखा अवाढव्य पडदा उजळतो. मी टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून बसलेलो. मागे आई इस्त्री करत होती. तिने विचारलं, "हा एवढ्या रात्रीचा एकटा बाहेर काय करतोय? याच्या घरी कोणी विचारत नाही का?" संपला विषय. १९९ डॉलरपर्यंत गोष्ट पोचलीच नाही. मी आपला सांगतोय, अगं त्यात मारिओ आहे, गाड्यांची शर्यत आहे. तिने गेम बघितलाच नव्हता, तिने पोरगा बघितला होता.

आता २००६. आई तीच, टीव्ही नवा. सुटातले दोन जपानी गृहस्थ छोट्याशा गाडीतून लोकांच्या दारात जातात, कमरेतून वाकतात, पांढरा रिमोट पुढे करतात, "वी वूड लाइक टू प्ले." मग घरातली माणसं सोफ्यावरून उठून हातवारे करत सुटतात. आई म्हणाली, "बघ, किती रीतीची माणसं आहेत." आणि भाच्यासाठी वी, म्हणजे तो रिमोटवाला कन्सोल, घ्यायचा हुकूम तिनेच सोडला! कंपनी तीच बरं का. ज्या कंपनीने माझं बालपण त्या कोटवाल्याच्या हवाली केलं होतं, तीच.

नंतर लक्षात आलं की त्या जाहिरातींत कॅमेरा खेळणाऱ्यांच्या तोंडाकडे जास्त होता. २००५ मध्ये टोकियोला तो रिमोट पहिल्यांदा दाखवला तेव्हाच्या फितीत तर गेमचं एकही चित्र नव्हतं, नुसती माणसं हात हलवताना. यंत्र काय करतं हे कोणाला पडलेलं नसतं, ते कोणाचं, म्हणजे कोणासाठी आहे हे आधी ठरतं. आईने दोन्ही वेळा तेवढंच पाहून निकाल दिला.

तुमच्याकडे काय झालं? लिहा.

टवाळ_कार्टा

पॉल रड म्हातारा का होत नाही यावर वेगळा धागा काढा. चौतीस वर्षांनी तोच कोट अंगाला बसतो म्हणजे काय. माझा लग्नातला सूट पहिल्या दिवाळीला बसेना.

कृष्णाकाठ

मधली_सुट्टी उर्फ मसु, तुमच्याकडे निदान जाहिरात तरी होती. आमच्याकडे सांगलीत जाहिरात म्हणजे केबलवाला. रात्री त्याच्या चॅनलवर पिक्चर लागायचा आणि खाली पट्टी सरकायची: लग्नाचे हॉल, पोटाचे विकार, साडी सेल, आणि "टीव्ही व्हिडिओ गेम भाड्याने मिळेल". ती पट्टी यायची वाट बघत आम्ही भावंडं अख्खा पिक्चर बघायचो. नंबर पटकन लिहून घ्यायला भाऊ पेन्सिल घेऊनच बसायचा.

भाड्याने आणायचा, दोन रिमोट, एक बंदूक, आणि पिवळी कॅसेट. वर ९९९९९९ इन १ लिहिलेलं. आत तेच पाच-सहा गेम उलटसुलट. कॉन्ट्रा असला तर दिवस सार्थकी. पण बाबांचं ठाम मत, गेमने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. कुठून आलं हे मत कोण जाणे, कुठल्या जाहिरातीत नव्हतं, पण आळीतल्या प्रत्येक बाबांकडे होतं. त्यामुळे गेम घरात यायचा तो बाबा ऑफिसला गेल्यावर आणि जायचा ते यायच्या आत. शेवटची दहा मिनिटं टीव्हीवर ओलं फडकं ठेवून तो गार करायचा, कारण आल्या आल्या बाबा मागे हात लावून बघायचे.

निवांत

@कृष्णाकाठ, ओलं फडकं!!! आमच्याकडे टेबलफॅन लावायचे. मिरजेला.

कृष्णाकाठ

निवांत, मिरजेत कुठे?

निवांत

ब्राह्मणपुरी. नंतर विश्रामबागला आलो.

जुना_जिंगलवाला

जाहिरात एजन्सीत हयात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो. चिडू नका.

मसु म्हणतात ते 'कोणाचं' हे प्रकरण वी च्या फार आधीचं आहे. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता. दुकानदार 'व्हिडिओ गेम' म्हटलं की हात झटकायचे. १९८५ मध्ये निन्टेंडोने न्यूयॉर्कमध्ये माल उतरवला तेव्हा नाव ठेवलं एंटरटेनमेंट सिस्टिम, आणि सोबत दिला एक प्लॅस्टिकचा रोबोट. जाहिरातीत रोबोट पुढे, गेम मागे. बघणाऱ्याला वाटावं की हे खेळणं आहे, ते बुडालेलं गेम प्रकरण नव्हे. त्या रोबोटसाठी गेम निघाले दोन. फक्त दोन! काम झाल्यावर रोबोट गायब. असला धंदा मला आमच्या बॉसने शिकवला असता तर आज बंगला असता.

दुसरा किस्सा १९९३ चा. निन्टेंडोची प्रतिस्पर्धी कंपनी सेगाने जाहिरात केली, आमच्या यंत्रात 'ब्लास्ट प्रोसेसिंग' आहे. पडद्यावर सेगा म्हणजे सुसाट रेसिंग गाडी आणि सुपर निन्टेंडो म्हणजे धुराडं झालेला खटारा. आता खरं काय? सेगाचा प्रोसेसर साडेसात मेगाहर्ट्झच्या वर चालायचा, निन्टेंडोचा साडेतीनच्या आसपास. म्हणजे बोलण्यात दम होता. पण पडद्यावर एका वेळी रंग मात्र सेगाचे ६४ आणि निन्टेंडोचे २५६. जाहिरातीत रंगांचा उल्लेख कशाला करतील? शाळेतली पोरं दुपारच्या सुट्टीत 'तुझ्याकडे ब्लास्ट प्रोसेसिंग नाही' म्हणून एकमेकांशी भांडली. ते काय असतं हे एकालाही सांगता आलं नसतं.

मधली_सुट्टी

जिंगलवाले, मी त्या भांडणात होतो. दोन्ही यंत्रं नसताना.

खारीबिस्किट

वी वरून आठवलं. माझ्या जाऊबाई ह्यूस्टनला. वी आला त्याच्या पुढच्या वर्षी गणपतीला सगळे त्यांच्याकडे, आरती झाल्यावर दीरांनी वी लावला. टेनिस. जाहिरातीतले लोक जसे हात फिरवतात तस्से सगळे फिरवायला लागले. वास्तविक मनगट हलवलं तरी पुरतं, पण जाहिरातीत कोण मनगट हलवतं? एक काका सोवळ्यातच, रिमोटचा मनगटपट्टा न लावता... बॅकहँड. रिमोट सुटला आणि थेट पंचखाद्याच्या डब्यात. बाप्पा वाचले, मखर वाचलं, पंचखाद्य सगळ्या हॉलभर.

हे आमच्याकडेच नाही हो. पहिल्याच डिसेंबरात कंपनीने ३२ लाख मनगटपट्टे जाड करून बदलून द्यायचं जाहीर केलं होतं, एवढे लोकांनी रिमोट भिरकावले.

सुमीची_आई

पंचखाद्याचा डबा उघडा का होता पण? आरतीनंतर वाटतात ना लगेच?

खारीबिस्किट

अगं वाटणारेच टेनिस खेळत होते.

चहा_आणि_ब्रश

लंडनहून. २००२, मी सात महिन्यांची गरोदर, सासूबाई बाळंतपणासाठी आलेल्या. रात्री टीव्हीवर मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलची, पहिल्या एक्सबॉक्सची जाहिरात. एक बाई बाळंत होतेय आणि बाळ बंदुकीच्या गोळीसारखं खिडकीची काच फोडून बाहेर! आकाशातून किंचाळत उडतंय, उडता उडता मोठं होतंय, तरुण, प्रौढ, म्हातारा, आणि धाडकन थडग्यात. मग अक्षरं: आयुष्य छोटं आहे, जास्त खेळा.

मी हसून हसून बेजार. सासूबाईंनी टीव्ही बंद केला, देवापुढे दिवा लावला आणि दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी टीव्हीचा रिमोट त्यांच्या कमरेला. पुढे लोकांनी तक्रारी केल्या, शंभरावर, आणि ती टीव्हीवरून काढून टाकायला लावली. सासूबाईंना हे सांगितल्यावर "इंग्रजांनाही अक्कल आहे तर" म्हणाल्या.

मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे. दिवसभर काय करतो विचारू नका. जास्त खेळतो.

टवाळ_कार्टा

हाहाहाहा. शेवटची ओळ.

वसतिगृह_बी_ब्लॉक

आपल्याकडची जाहिरात कोणालाच आठवत नाही का? २००६, एक्सबॉक्स ३६० भारतात आला, चेहरे अक्षय कुमार आणि युवराज सिंग. पुण्यात होस्टेलला होतो. किंमत वीस हजारांच्या घरात सुरू, गेम वेगळे. आम्ही मेसचं बिल उधारीवर ठेवणारे. अक्षय कुमारला बघून कोणाच्या मनात असं आलं नाही की हे आपल्यासाठी आहे. आलं ते असं की हे अक्षय कुमारसाठी आहे.

युवराजच्या नावाचा क्रिकेटचा गेमसुद्धा आला. २००७ ला डर्बनला त्याने ब्रॉडला सहा सिक्स मारले तेव्हा कॉमन रूममध्ये एकजण ओरडला, "आता घ्यायचाच!" वर्गणीची वही निघाली. नावं बरीच, पैसे दोघांचे. त्या पैशांची मिसळ खाल्ली.

निवांत

कुठे? बेडेकर?

वसतिगृह_बी_ब्लॉक

नको तो विषय, धागा हायजॅक होईल.

अर्धवटराव_ठाणे

जाहिरातीत 'कोणासाठी' ते ठरतं आणि त्यावर माल खपतो, हे मला पटत नाही. सिनेदिग्दर्शक डेव्हिड लिंचने २००० साली सोनीच्या प्लेस्टेशन २ ची (पीएस २) जाहिरात केली होती, काळीपांढरी. कॉरिडॉरमध्ये माणूस, धूर, तोंडातून हात बाहेर येतो, शेवटी बदकाच्या डोक्याचा माणूस घोगऱ्या आवाजात स्वागत करतो. ती 'कोणासाठी' होती? बदकांसाठी? तरी जगात सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल पीएस २ च. कारण त्यात डीव्हीडी चालायची आणि जुने प्लेस्टेशनचे गेमही. आमच्या घरात तो आला तो बाबांना डीव्हीडी प्लेयर हवा होता म्हणून. जाहिरात कोणी बघितली नव्हती.

जुना_जिंगलवाला

@अर्धवटराव, मुद्दा रास्त आहे. माल चांगला असला की बदकसुद्धा चालतं. पण उलटं बघा. वी १० कोटींच्या वर खपला. त्याच्या पाठीवर २०१२ ला वी यू आला, तो साधारण १ कोटी ३५ लाखांवर थांबला. जाहिरातीत सगळा वेळ तो पडदा असलेला मोठा रिमोटच दाखवला, नाव जवळपास तेच. हा नवा कन्सोल आहे हे लोकांपर्यंत पोचलंच नाही, हे कंपनीच्या अध्यक्षांनी, इवाता यांनी, स्वतः मान्य केलं होतं. तिथे गेम वाईट नव्हते. पाच वर्षांनी स्विचच्या जाहिरातीत बघा: टीव्हीवर खेळतोय, यंत्र उचललं, घराबाहेर पडला, खेळ चालूच. एक शब्द न बोलता कळतं.

रानमेवा

वी यू!! सासरे डॅलसला आले होते. नातवाचा वाढदिवस, आजोबांकडून भेट. टीव्हीवर जाहिरात पाहून त्यांनी पक्कं ठरवलं, आणि दुकानात जाऊन मोडक्या इंग्रजीत विचारलं, नुसती ती पडद्याची पाटी मिळेल का, वी चा डबा आमच्याकडे आहे. काउंटरवरचा मुलगा इतक्या सवयीने समजावून सांगायला लागला की कळलंच, हे आजचे पहिले आजोबा नव्हेत. सासरे म्हणाले मग राहू दे, सायकल घेऊ. पोराला सायकल मिळाली. आता तो सायकलिंगच्या क्लबात आहे, महिन्याला नवे टायर. पाटी स्वस्त पडली असती.

तोक्योतला_ताक

जपानची भर. मी इथे नंतर आलो, पण ऑफिसातले चाळिशी-पन्नाशीचे लोक पार्टीत दोन गोष्टी हमखास काढतात. एक, सेगाता सांशिरो. सेगाच्या सॅटर्न कन्सोलच्या जाहिरातीतला ज्युदोवाला. तरुण पोरं बाहेर मजा करताना दिसली की हा येऊन त्यांना उचलून आपटतो, जा, सॅटर्न खेळा! त्याचं गाणं सगळ्यांना पाठ. दोन, १९९८ ची सेगाच्या पुढच्या कन्सोलची, ड्रीमकास्टची जाहिरात. सेगाचे खरेखुरे संचालक, युकावा, रस्त्याने जाताना शाळकरी पोरांचं बोलणं ऐकतात: सेगा भंगार, प्लेस्टेशनच भारी. कंपनीने स्वतःच्या पैशाने टीव्हीवर हे दाखवलं! बिचारे साहेब खचून जातात. जपानभर प्रसिद्ध झाले.

माझा साहेब म्हणतो, आम्हाला युकावांची इतकी दया आली, इतकी दया आली... आणि आम्ही प्लेस्टेशन घेतला. २००१ ला ड्रीमकास्टचं उत्पादन बंद.

अर्धवटराव_ठाणे

बघा, जाहिरात हिट आणि माल पडून. माझाच मुद्दा.

जुना_जिंगलवाला

पोरांनी जे टीव्हीवर ऐकलं तेच केलं हो. सेगा भंगार हे सेगानेच सांगितलं. माझा मुद्दा.

सुमीची_आई

तुम्ही दोघं भांडा, मला कोणीतरी सांगा, स्विच २ घेऊ का? सुमी तो पॉल रडवाला व्हिडिओ रोज दाखवते. अमेरिकेतून भाऊ येतोय नोव्हेंबरात, ४५० डॉलर म्हणतोय. इथे बिघडला तर कोण बघणार? आणि चार्जरचं काय, तिकडे ११० व्होल्ट ना?

मधली_सुट्टी

सुमीची आई, चार्जरवर १००-२४० लिहिलेलं आहे का ते भावाला बघायला सांगा. असलं तर नुसती पिन बदलायची. दुरुस्तीचं मात्र दुकानदाराला विचारूनच घ्या.

सुमीची_आई

बरं. आणि खरं सांगू का, मला तो कोटवाला आवडला. सोफ्यावर बसलाय, मित्रांशी बोलतोय. घरात आहे ना, बास.

मधली_सुट्टी

आईला दाखवली ती जाहिरात काल. ती म्हणाली, "लग्न झालेलं दिसतंय याचं."

कृष्णाकाठ

निवांत, विश्रामबागला तुम्ही गणपती मंदिराकडच्या बाजूला का? तिथे एकजण कॅसेटी बदलून द्यायचा, पाच रुपयांत. बहुतेक आम्ही तुमच्याच कॅसेटी खेळलो.

निवांत

असेल. कॉन्ट्रावर निळ्या पेनाने 'हात लावू नये' लिहिलेली होती का?

कृष्णाकाठ

हो!! आम्ही लावला.

निवांत

ती माझ्या दादाची. भडंग पाठवा, तरच मिटवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते पत्ता.