आडनावाची पट्टी काढली की जात जाते का?

कृष्णाकाठ
२०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी कर्मचाऱ्यांच्या नावपट्टीवरून आडनाव काढलं, फक्त पहिलं नाव ठेवलं. समोरचा पोलीस कुठल्या जातीचा, हे तक्रारदाराच्या मनात येऊ नये हा हेतू. त्याबद्दल आदरच आहे. पण आता काही जण म्हणतात, आडनावं सगळ्याच कागदपत्रांतून काढा. हे मला साफ अमान्य आहे.

जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावं किती जातींत आहेत बघा. पाटील हे तर गावकीचं पद. ते मराठ्यांत आहेत, आगरी-कोळ्यांत आहेत, लिंगायत आणि जैनांतही आहेत. पोतदार नाणी पारखायचा, कुलकर्णी गावचं दप्तर सांभाळायचा. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे, साताऱ्याकडच्या कटगुणचं. पुण्यात येऊन घरातल्यांनी फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुलं पुरवली आणि लोक फुले म्हणायला लागले. गाव सोडणं, नवा धंदा, नवं शहर, सगळं त्या एका आडनावात आहे. ते पुसून कुणाचं भलं होणार?

बालाघाट
जाधववरून जात कळत नाही, म्हणूनच तर पुढचा प्रश्न येतो, 'कुठले जाधव?' मग गाव कुठलं, मग पाहुणे कोण. पुण्यात खोली शोधताना हे सगळं ऐकून झालंय. एका बाईंशी फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, सामान कधी आणू तेही ठरलं. शेवटी म्हणाल्या, पूर्ण नाव सांगा. सांगितलं. 'ह्यांना विचारून कळवते' म्हणाल्या, तो फोन काही आला नाही.

तुम्हाला आडनावात इतिहास दिसतो, आम्हाला त्यात दार बंद होताना दिसतं. तमिळनाडूत १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने जातवाचक उपनावं सोडायचं ठरवलं. आज तिथे बहुतेक लोक वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात आणि त्यांचं काही अडत नाही.

कृष्णाकाठ
@बालाघाट, तुमच्या बाबतीत जे झालं ते संतापजनक आहे. पण त्याच तमिळनाडूत २०१६ मध्ये उडुमलैपेट्टैला जातीबाहेर लग्न केलं म्हणून एका दलित तरुणाला भरदिवसा, भर रस्त्यात ठार मारलं. आडनावं जाऊन तोवर कित्येक दशकं झाली होती.

मांडवीतीर
दोघेही आडनाव म्हणजे दगडावरची रेघ असल्यासारखं बोलताय. आमच्या गोव्या-कोकणात गावाला 'कर' लावला की झालं आडनाव. दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर घेतलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत असताना आडनाव लागलं ते आंबेडकर. आडनाव काढण्यापेक्षा ज्याला बदलायचंय त्याला ते सुखाने बदलू द्या.

आणि इतिहास जपायचाच असेल तर बायकांचाही जपा. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघींचंही माहेरचं नाव यमुना. लग्नात आडनावच काय, पहिलं नावही गेलं, आणि त्यात कुणाला इतिहास पुसल्यासारखं वाटलं नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी नोंदींत बाळाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव येतं. माझ्या मते नावपट्टीपेक्षा हा बदल कितीतरी मोठा आहे.

बालाघाट
@मांडवीतीर, आईच्या नावाबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'सुखाने बदलू द्या' म्हणणं सोपं आहे. आडनाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्या, मग दाखले, आधार, बँक, सगळीकडे खेटे घाला. शिवाय बदलायचं त्यानेच का, ज्याचा काही दोष नाही?

@कृष्णाकाठ, पट्टी काढल्याने जात जाईल असं मीही म्हणत नाही. पोलीस ठाण्यात रडत आलेल्या माणसाला आधी पट्टीकडे बघावंसं वाटू नये, एवढंच मागतोय. तेवढ्यासाठी दाखल्यातून आडनाव काढायची गरज नाही, हे मान्य. पण जिथे एक माणूस दुसऱ्याबद्दल निर्णय घेतो तिथे ते झाका. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. नोकरीच्या अर्जांच्या पहिल्या चाळणीत तसं करायला काय हरकत आहे? यावर बोला.