उपकेंद्रात वजन कमी करण्याचा सल्ला नेमका कसा द्यावा?

सीएचओ (उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी), यवतमाळ जिल्हा
एनसीडी (शुगर, बीपीसारखे असंसर्गजन्य आजार) तपासणीतली बाई, वय 42, उंची 155 सेंमी, वजन 70 किलो, कंबर 94 सेंमी. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, गुडघे दुखतात. "तेलकट खाऊ नका, चालत जा" एवढ्यानं वजन हलत नाही. काय सांगायचं?

वैद्यकीय अधिकारी, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र)
मॅडम, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 29 येतो. आपल्या लोकांत 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर 80 च्या वर गेली की धोका. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. साडीवरून मोजलेला आकडा धरू नका.

आहाराआधी गोळ्यांची पिशवी बघा. ग्लिमेपिराइडनं वजन वाढतं. वर जेवण कमी केलं आणि डोस तोच राहिला, तर शुगर उतरून घाम, थरथर, चक्कर. म्हणून आधी डॉक्टरकडून डोस ठरवून घ्या. गुडघ्यांसाठी बिननावाच्या पुड्या घेते का, हेही विचारा. त्यात स्टेरॉइड असू शकतं: चेहरा गोल, हातपाय बारीक, पोटावर जांभळे पट्टे. तशी शंका आली तर पुड्या एकदम बंद करायला सांगू नका, लगेच पीएचसीला पाठवा.

आहार समुपदेशक, अमरावती
"तेलकट" म्हटलं की तिला भजी आठवतात, आणि भजी काही ती रोज खात नाही. तेल जातं भाजीच्या तर्रीत. घरात माणसं किती, महिन्याला तेल किती, एवढंच विचारा. माणशी अर्धा लिटर, चौघांना 2 लिटर. तेवढंच वेगळ्या बरणीत काढायला सांगा. दोन चमचे साखरेचा चहा पाचदा म्हणजे 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. हे तिच्यासमोर वाटीत मोजून दाखवा. पोळी सोडून ज्वारीवर आल्यानं वजन उतरत नाही. तीनच्या दोन भाकरी करा, त्या जागी घट्ट वरण आणि पालेभाजी. उपवासाची साबुदाणा खिचडीही हिशोबात धरा.

सीएचओ, यवतमाळ जिल्हा
सर, ध्येय किती ठेवू? गुडघे दुखताना चालायचं कसं? आणि काटा दरवेळी वेगळा आकडा दाखवतो.

वैद्यकीय अधिकारी, पीएचसी
सहा महिन्यांत साडेतीन किलो, म्हणजे 5 टक्के. एवढ्यानंही शुगर, बीपी सुधारतं. चालणं दहा-दहा मिनिटांचं, उन्हाळ्यात सकाळी 7 च्या आत. सोबत खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, 5 सेकंद धरायचा, दहा वेळा. काटा सपाट फरशीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर आकडा चुकतो. चप्पल काढून, महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळेला. जोरात घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर महिनाभर थांबू नका, आधीच पाठवा.