ओल्गा टेलिसने फूटपाथ 'आंदण' दिले म्हणणाऱ्यांनी निकाल वाचलाय का?

खवचट_वकील: काल इथे एकाने ठोकून दिलं की ओल्गा टेलिस केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईचे फूटपाथ झोपडीवाल्यांना आंदण दिले, आणि खाली पन्नास जण वा वा करतायत, म्हणून लिहितोय. अहो ते लोक केस हरलेत! १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुल्यांनी फर्मान काढलं की फूटपाथवरच्यांना उचला आणि आपापल्या गावी सोडून या, त्यावरून ओल्गा टेलिस ही पत्रकार बाई आणि झोपड्यांतली माणसं कोर्टात गेली. १९८५ ला निकाल, पाच जज, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पोटापाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो म्हणाले, हे सगळ्यांना पाठ. पण फूटपाथ अडवून राहायचा हक्क कुणाला नाही आणि पालिका कायद्याचं ३१४ कलम, म्हणजे विना नोटीस हटवायचं, तेही घटनेत बसतं, हे त्याच निकालात आहे. पाडायचं ते ३१ ऑक्टोबरनंतर पाडा, ७६ च्या झोपड्यांच्या गणनेत कार्ड मिळालेल्यांना पर्यायी जागा द्या. याला आंदण म्हणतात?

गोरेगावकर: वकीलसाहेब तुम्ही निकाल वाचता, आम्ही रस्त्यावरून चालतो. पाडा म्हटलं होतं तर पाडलं का नाही? कारण स्टे मागायला तुमचं ते पोटापाण्याच्या हक्काचं वाक्यच पुरतं. २००० साली याच कोर्टाने म्हटलं की अतिक्रमण करणाऱ्याला फुकट जागा देणं म्हणजे खिसेकापूला बक्षीस, ते नाही कुणाला पाठ. माझी आई स्टेशनबाहेर भाजीच्या टोपल्या चुकवायला खाली रस्त्यावर उतरली आणि रिक्षाने उडवली, खुब्यात रॉड आहे. तिला सांगा कलम २१.

सुमी_दादर: आईंबद्दल खरंच वाईट वाटलं, पण खिसेकापूवाली केस दिल्लीच्या कचऱ्याची होती हो. आणि झोपडी नि भाजीवाला एकत्र कशाला कालवताय? फेरीवाल्यांचा, हॉकर्स युनियनचा निकाल वेगळा, तोही ८५ चाच, धंद्यासाठी ठरावीक झोन पाडा म्हटलेलं. मग २०१४ ला फेरीवाल्यांसाठी अख्खा कायदा झाला. तुमच्या वॉर्डात झोन कुठे आहे, दाखवा बरं.

बाळ्या_चिपळूण: झोन कसले, एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली तेव्हा कुठे हायकोर्ट म्हणालं स्टेशनपासून १५० मीटर फेरीवाला नको. दादर वेस्टला उतरून मोजा १५० मीटर, टेप मी देतो 😂

सुमी_दादर: आणि संध्याकाळी तिथेच कोथिंबीर कोण घेतं? मॉलमधून आणता का?

बाळ्या_चिपळूण: ताई, कोथिंबिरीवर येऊ नका. मी नाक्यावरच्या गाळ्यातून घेतो, भाडं भरणाऱ्याकडून. त्याचं पोट नाही का?

नाका_कामगाराचा_पोर: सगळे वरूनच बोलताय म्हणून सांगतो. आईबाप बांधकामावर बिगारी, आम्ही फूटपाथवर वाढलो. गाडी सकाळी यायची, भांडी पत्रे भरून न्यायची, रात्री आई परत ताडपत्री बांधायची कारण काम तिथेच मिळायचं, लांब राहिलं तर रोजाचा निम्मा पैसा गाडीभाड्यात. कोर्टाने नेमकं हेच लिहिलंय, झोपडी गेली की धंदा जातो. लिहिलं छान, पण पाडायला हरकत नाही म्हणाले. आम्हाला त्या निकालातून काडी मिळाली नाही.

गोरेगावकर: मग माझंच म्हणणं झालं ना, असल्या निकालाचा उपयोग काय?

खवचट_वकील: तुमचं म्हणणं काल आंदण होतं, आज उपयोग काय झालं. उपयोग असा की आज कुठेही बुलडोझर आला की वकील आधी ओल्गा टेलिस काढतो, सुनावणी घ्या म्हणतो. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टात न्या. गवईंच्या बेंचने पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. आता उड्या मारू नका, रस्ता फूटपाथ रेल्वेलाइन यांना त्यातून वगळलंय. म्हणजे ज्यांच्यासाठी भांडण सुरू झालं ते बाहेरच. हे मला आवडत नाही, पण आहे.

गोरेगावकर: बरं बाबा, आंदण नाही दिले, मानलं, सनद फ्रेम करून घ्या. पण फूटपाथ मोकळा नाही तो नाहीच.

सुमी_दादर: आमच्या गल्लीत मोकळा आहे, त्यावर सोसायटीवाल्यांच्या चार एसयूव्ही उभ्या असतात. त्यांना हटवायला कुठलं कलम लावता?

बाळ्या_चिपळूण: पार्किंगचा वेगळा धागा काढा, इथे नको. माझी पण एक आहे त्यात.