शोरूमचं कोटिंग 'घ्याच' म्हणणाऱ्यांना उत्तर

धरमपेठी: काल एकानं इथं लिहिलं, "नागपुरात नवी गाडी घेता तर शोरूमचं पेंट कोटिंग अन् सीट प्रोटेक्शन घ्याच, नाहीतर दोन उन्हाळ्यात रंग जातो." बावा, माझी गाडी २०१४ची. बारा महिने उघड्यावर. रंग जिथल्या तिथं.

दिवाळीत भावासोबत गाडी घ्यायला गेलो. कोटेशनवर आधीच छापलेलं: कोटिंग १८ हजार, सीट ६ हजार, वर १८ टक्के जीएसटी. करता कधी? "डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी." म्हणजे ९ वाजता फडकं मारणार, ११ वाजता हार घालणार. अन् म्हणे टेफ्लॉन! तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशांची भट्टी लागते. एवढं तर आपलं मे महिन्याचं ऊनही नाही.

वर्धारोड४७: तो 'एक' मीच. तुमची गाडी पांढरी असंल, माझी काळी आहे. पहिल्या गाडीला कोटिंग नव्हतं. बॉनेटवर पारव्याची शीट दुपारभर राहिली, डाग गाडी विकेपर्यंत गेला नाही. अन् सीटचं म्हणाल तर पोट्ट्यानं सावजीचा रस्सा सांडवला, ओल्या कपड्यानं पुसला, साफ! अनुभव आहे, गप्पा नाही.

पॉलिशवाला: धंदा माझाच आहे, म्हणून माझं अर्धंच खरं धरा. चांगल्या सिरॅमिक कोटिंगचा थरही एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-पाचशेवा हिस्सा. शीट भर उन्हात वाळू दिली तर तो वाचवत नाही, धुणं तेवढं सोपं होते. लावायच्या आधी धुवा, क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) मारा, पॉलिश करा, मग सुकायला वेळ द्या. दोन तासांत जे होते त्याला आम्ही वॅक्स म्हणतो.

सावलीप्रेमी: चोवीस हजार काऊन घालता? कडुनिंबाखाली लावा न गाडी.

वर्धारोड४७: अन् पारवे कुठं बसतात, ट्रान्सफॉर्मरवर?

त्रिमूर्तीनगर: आमच्या दारात जांभूळ आहे. जूनमध्ये या, गाडी कोणत्या रंगाची होती ते ओळखून दाखवा. कापतो म्हटलं तर महापालिकेची परवानगी लागते.

सावलीप्रेमी: लागणारच! १९७५चा कायदा आहे. गाडीसाठी झाड कापणारे तुम्ही, अन् एप्रिलपासून 'ऊन किती वाढलं' म्हणून रडणारेही तुम्हीच.

त्रिमूर्तीनगर: मी कापलं कुठं? सिमेंट रोडवाल्यांनी बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं, तेव्हा कुठं होते तुम्ही? मी स्वतः सब्बल घेऊन आळं मोकळं केलं, दोन रविवार. शिकवू नका.

सावलीप्रेमी: …आळ्याबद्दल माफी. कापण्याबद्दल नाही.

धरमपेठी: अरे धागा कोटिंगचा आहे बे!

वर्धारोड४७: बरं, तुमच्या समाधानासाठी: सीटचे ६ हजार फुकट गेले असतील. तसला स्प्रे हजाराच्या आत भेटते, हे काल मेव्हण्यानं सांगितलं. कोटिंगचं मात्र मी मानत नाही. गाडी चमकते म्हणजे चमकते.

पॉलिशवाला: नवीच आहे भाऊ, चमकणारच.

धरमपेठी: ते जाऊ द्या. ओल्या कपड्यानं निघाला तो रस्सा कोणत्या भोजनालयाचा होता, तेवढं सांगा. तिथं जायचं नाही मले.