‘पॉडकास्ट लावून तास काढणारे मास्तर’ला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

खडूफळा
परवा तिरकस_पेन यांनी लिहिलं की हल्ली मराठीचे मास्तर वर्गात पॉडकास्ट लावून मागच्या बाकावर व्हॉट्सॲप बघत बसतात, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, आणि अशाने पुढची पिढी अडाणी निघणार. खाली टाळ्यांचा नुसता पाऊस. तिथेच लिहिणार होतो, पण तिथे कोणी वाचण्याच्या मनःस्थितीत दिसलं नाही म्हणून वेगळा धागा.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवतो. स्पीकर लावून तास काढणारे आहेत, आमच्या स्टाफरूममध्येच आहेत, त्यांची वकिली मला करायची नाही. पण ही मंडळी पॉडकास्ट नव्हते तेव्हा गाईडमधून उत्तरं उतरवून द्यायची, तेव्हा कोणाला वाचनसंस्कृती आठवली नाही.

मी मुलांना ऐकवतो कमी, रेकॉर्ड करायला जास्त लावतो. एक कविता नाहीतर उताऱ्याचं एक पान, फोनवर वाचून आणायचं, आधी दोन वाक्यं स्वतःची. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही आणि कळला नसेल तर आवाजात लगेच उघडं पडतं. लेखी पेपरात ‘कवीने निसर्गाचे विलोभनीय वर्णन केले आहे’ लिहून सुटका होते, इथे नाही होत.

पुढचं काम आमचे आयटीचे सर त्याच फाईलवर करून घेतात. आवाज कापायचा-साफ करायचा ऑडॅसिटी हा प्रोग्राम फुकट आहे, लॅबमधल्या जुनाट पीसीवरही चालतं. पंख्याची घरघर काढायची तर आधी नुसत्या घरघरीचा सेकंदभराचा तुकडा निवडून प्रोग्रामला ‘हा नॉइज’ म्हणून दाखवायचा, मग तो सगळ्या फाईलमधून वजा करायचा. हाव केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, तो प्रत्येकाचा एकदा तरी येतोच. एका मुलीने विचारलं की फोनवर बोलताना ‘स’ आणि ‘फ’मध्ये घोळ का होतो, रेकॉर्डिंगमध्ये तर होत नाही. सरांनी तिथेच सांगितलं, जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच आवाज जायचा आणि ‘स’चा बराचसा सीत्कार त्याच्या वर असतो. सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, पोरं एरवी पाठ करतात, त्या दिवशी कळला. सीडीला सेकंदाला 44,100 नमुने का, टेलिफोनला 8000 का, हे आता माझ्या मराठीच्या पोरांनाही येतं.

आणि ‘ऐकणं म्हणजे साहित्य नाही’वाल्यांसाठी एकच नाव, बहिणाबाई. अक्षरओळख नव्हती. शेतात नि घरात म्हटलेलं मुलगा सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी लिहून घेतलं म्हणून आज धडा आहे.

तिरकस_पेन
माझ्यावर अख्खा धागा, धन्य झालो.

तुमचा मुद्दा तुमच्याच अंगावर येतोय सर. लिहून घेतलं म्हणून! बाई 1951 ला गेल्या, अत्र्यांनी उचलून धरलं, 1952 ला पुस्तक आलं. छापलं नसतं तर तुम्ही आज काय ऐकवलं असतं? माझा मुलगा नववीत आहे, दिवसभर कानात बोंडं, जगातलं सगळं त्याला ‘माहीत’ आहे आणि ‘आशीर्वाद’ लिहिताना रफार कुठे द्यायचा हे माहीत नाही. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळतं का हो? बोर्डाची परीक्षा लेखी असते, तिथे तुमची घरघर काढलेली फाईल जोडायची का?

कानसेन
तिरकस, शांतपणे लिहितोय पण शांत नाहीये. मी जन्मापासून अंध. मराठीत एमए केलं, सगळं ऐकून. काही पुस्तकं आईने कॅसेटवर वाचून दिली, काही लायब्ररीच्या टॉकिंग बुक्सवर, आता स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) दुप्पट स्पीडने. मी ‘वाचलं’ नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? प्रकाशकाच्या परवानगीशिवाय आमच्यासाठी पुस्तकाची ऑडिओ प्रत करायची मोकळीक कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने आली, त्याआधी काय वणवण होती ते डोळसांना माहीतच नाही. आणि हो, शुद्धलेखन मला येतं. ब्रेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असतात.

एक तक्रार खडूफळांकडेही. ऐकवायचं तर माणसाचा आवाज ऐकवा. मशीनचा मराठी आवाज ‘चमचा’ आणि ‘चहा’तला च एकाच साच्यात काढतो. लिपीत अक्षर एकच, त्याला बिचाऱ्याला काय कळणार.

तिरकस_पेन
कानसेन, तुमच्याबद्दल नव्हतं ते. डोळे असून न वाचणाऱ्यांबद्दल होतं. तेवढा अपवाद मान्य.

कानसेन
अपवाद. थँक्यू.

धुळेकर_भाऊ
बहिणाबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यांच्या अहिराणी कविता पुणेरी थाटात वाचलेली रेकॉर्डिंग शाळेत लावू नका, कानाला त्रास होतो. आमच्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या.

भुसावळ_जंक्शन
पुन्हा तेच!! बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही, लेवा गणबोली. असोद्याच्या त्या, जळगावजवळच्या. अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणता ना तुम्ही? दाखवा त्यांच्या कवितेत एक तरी ‘शे’. दरवेळी खान्देश म्हटलं की अहिराणी, आमची बोली काय गेली का वाहून तापीत?

धुळेकर_भाऊ
‘ओढाळ’चं ‘वढाय’ होतं, ळ चा य, तो आमच्यातही होतो. आम्हीपण ‘डोया’च म्हणतो. बोली काय तहसीलची हद्द बघून बदलते का? आणि एवढा राग येण्यासारखं काय बोललो?

भुसावळ_जंक्शन
राग येतो कारण माझ्या आजीला पुण्यातल्या एका प्राध्यापकाने सांगितलं होतं ‘आजी, तुमची अहिराणी गोड आहे.’ ती लेवा बोलत होती. बोलली काही नाही, पण त्यानंतर पुण्यात आली की मुकाट प्रमाण मराठी बोलायची, तीही मोडकीतोडकी. एक ळ-य सारखा असला म्हणून भाषा एक होत नाही, क्रियापदं बघा.

धुळेकर_भाऊ
आजीचं वाईट वाटलं, खरंच. पण बोलला तो प्राध्यापक आणि राग माझ्यावर. शेजारी बोली म्हणा मग, आता तरी खूश?

भुसावळ_जंक्शन
शेजारी चालेल. भाडेकरू नको.

झेडपी_मास्तर
तुमचं चालू द्या. आमच्याकडे मुळात प्रश्न वेगळाच. 2020 ला शाळा बंद, पाड्यावर रेंज नाही, ऑनलाइन क्लासच्या सूचनांचे पीडीएफ मात्र रोज. तेव्हा आकाशवाणी नागपूरवर ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायचं, एका घरी रेडिओ आणि अंगणात पोरं. ते वाचन होतं की नव्हतं यावर कोणी भांडलं नाही, दुसरं काही होतंच कुठे. पण तिरकस यांचं एक खरं आहे, शाळा उघडल्यावर त्याच पोरांना गोष्ट तोंडपाठ आणि जोडाक्षर आलं की गाडी बंद.

खडूफळा
मास्तर, मान्यच. म्हणून तर म्हणतोय, ऐकवून थांबू नका, त्यांच्याकडून वाचून घ्या.

तिरकस, छापलं म्हणून टिकलं हे अर्धंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कित्येक बायांच्या आवाजात रेकॉर्ड झाल्या, ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर कोणालाही ऐकता येतात. तीच ओवी आधी कागदावर वाचा आणि मग ऐका. दुसरी ओळ ती बाई परत घेते, मध्येच दम टाकते, शेजारची सूर धरते, कागदावर यातलं काही नाही. मी हे वर्गात दोन्ही करतो आणि मग विचारतो, लिहिताना काय गळलं. मुलं जी यादी काढतात तेवढी गाईडमध्ये कधी नसते.

लेवा-अहिराणीचं म्हणाल तर रावेरकडचा एक पोरगा वर्गात आहे. त्याने घरच्या हेलात बहिणाबाई वाचल्या, पहिल्या ओळीला मागचे बाक फिदीफिदी हसले. फाईल मी सगळ्यांना दिली आणि सांगितलं, तशीच वाचून दाखवा. एकालाही जमलं नाही.

अटलांटाची_आई
आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना घरचं मराठी सगळं कळतं, देवनागरी वाचताना मात्र घाम फुटतो. गोष्ट ऐकत बोट ओळीवरून फिरवायला लावलं तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. तुम्ही लोक ‘हे की ते’ करत बसा.

तिरकस_पेन
बोट फिरवायचं तर पुस्तक समोर लागतं ना? मग मीच जिंकलो.

खडूफळा, त्या रावेरच्या पोराची फाईल ऐकायला आवडेल, त्याची हरकत नसेल तर. सोबत त्याच कवितेवरचं लेखी उत्तर पाठवा, त्याच्या अक्षरात. रफार मी मोजणार.

खडूफळा
विचारतो त्याला. उत्तरात रफार दोन ठिकाणी चुकलेत, आधीच सांगून ठेवतो.

भुसावळ_जंक्शन
फाईलचं नाव ‘अहिराणी’ ठेवू नका म्हणजे झालं.