रीडबॅक जवळजवळ बरोबर, तरी विमान चुकीच्या वाटेवर

‘रीडबॅक नीट झाला की गैरसमज उरत नाही’ असं मत ऐकू येतं (रीडबॅक म्हणजे कंट्रोलरने रेडिओवर दिलेली सूचना पायलटने परत म्हणून दाखवणं). मला ते अर्धंच पटतं. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुकं होतं. छोट्या सेसना जेटला ‘उत्तरेकडे, रोमिओ ५ वरून’ जायला कंट्रोलरने सांगितलं (रोमिओ ५ आणि ६ म्हणजे विमानं जमिनीवरून न्यायच्या वाटा). पायलटने ‘रोमिओ ५’ अगदी बरोबर परत म्हटलं, पण ‘उत्तरेकडे’ हा शब्द गळला. प्रत्यक्षात विमान वळलं रोमिओ ६ वर, जो सरळ धावपट्टीला छेदतो.

पण खरी चुटपुट पुढचीच लागते. वाटेत पायलटने स्वतःहून सांगितलं, ‘सिएरा ४ जवळ आलोय.’ ती खूण जमिनीवर रंगवलेली होती, कंट्रोलरच्या नकाशात मात्र नव्हती! त्याला अर्थबोध झाला नाही, तरी विमान रोमिओ ५ वरच आहे असं धरून त्याने पुढे जायला सांगितलं. जमिनीवरची विमानं दाखवणारं ग्राउंड रडारही चालू नव्हतं. उड्डाण घेणारं एमडी-८७ हे प्रवासी विमान सेसनावर आदळलं आणि ११८ माणसं गेली. अनोळखी खूण कानावर पडली की विमान जागीच थांबवायचं, हे रीडबॅकइतकंच पक्कं घोटून घ्यायला हवं.